मक्याचे वाण आपल्याच शेतात कसे पारखायचे: तीन गुंठे, एक काटा आणि एक वही

कृषी प्रदर्शनातल्या स्टॉलवर टांगलेलं वीतभराहून लांब कणीस पाहिलं की हात आपोआप बियाण्याच्या पिशवीकडे जातो. पण बाजारात दाणा विकला जातो आणि त्याचा हिशोब एकरावर होतो. ७५ बाय २० सेंटिमीटरवर टोकण केली तर एका एकरात सुमारे २७ हजार झाडं बसतात. त्यातल्या एकाचं कणीस बघून उरलेल्या सव्वीस हजार नऊशे नव्व्याण्णवांवर पैसे लावायचे, हे धाडस आपण दर हंगामाला करतो.

पुणे जिल्ह्यात तर दुसऱ्याच्या शेतातला निकाल उचलून आणण्यात जास्तच धोका आहे. मावळ-मुळशीच्या डोंगरपट्ट्यात पाऊस हजारो मिलिमीटर, तर बारामती, इंदापूर, दौंडकडे तो पाचशेच्या आतबाहेर. एकीकडे लाल, निचऱ्याची जमीन, दुसरीकडे कालव्याखालची भारी काळी, शिरूर-पुरंदरला हलकी मुरमाड. जुन्नरात पहिला आलेला वाण इंदापुरात तिसरा येऊ शकतो आणि त्यात कुणी खोटं बोललेलं नसतं. म्हणून तीन गुंठे जागा, दहा ग्रॅमपर्यंत नेमकं दाखवणारा टांगता डिजिटल काटा, मोजपट्टी, सुतळी, खुंट्या आणि वही एवढ्यावर चार वाणांची तुलना स्वतः कशी करायची, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी ठरवा, मका कशासाठी

मका कशासाठी हवाय यावर ‘चांगला वाण’ कोणता ते ठरतं. दाण्यासाठी लावणार असाल तर प्रति एकर वाळलेला दाणा, कणसातून दाण्याचा उतारा, पीक उभं राहण्याची ताकद आणि कापणीच्या वेळचा ओलावा बघायचा. कोंबडीखाद्याला जाणाऱ्या मालात दाण्याचा गर्द पिवळा-केशरी रंगही विचारला जातो. मुरघासाला, म्हणजे आंबवून साठवायच्या चाऱ्याला, सुका चारा किती आणि त्यात दाण्याचा वाटा किती, हे महत्त्वाचं. स्वीट कॉर्नला विकण्याजोगी कणसं किती, टोकापर्यंत भरलेली किती आणि गोडी किती टिकते. या तिन्ही गटांतले वाण एकाच चाचणीत घालू नका. तुलना चुकेल आणि परागामुळे स्वीट कॉर्नची चवही जाईल, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

इथून पुढे मुख्य विवेचन दाण्याच्या मक्याचं आहे.

वाण किती आणि कोणते

चार पुरेत. सहा-आठ घेतले की मोजणीचा कंटाळा येतो, आणि कंटाळलेल्या माणसाची वही तुरा येईपर्यंतच भरलेली असते. चारपैकी एक वाण तुम्ही आज लावता तोच असावा. शास्त्रज्ञ त्याला ‘चेक’ म्हणतात. तो नसेल तर नवा वाण चांगला की यंदाचं वर्षच चांगलं, हे सांगता येणार नाही.

उरलेले तीन शक्यतो एकाच पक्वता गटातले घ्या. लवकर येणारा वाण उशिरा येणाऱ्याशी नुसत्या वजनावर हरतो, पण त्याने शेत पंधरा दिवस आधी मोकळं करून दिलेलं असतं. तसा वाण मुद्दाम घ्यायचा असेल तर त्याचे वाचलेले दिवस वेगळे लिहा.

संकरित वाणाची, त्यातही सिंगल क्रॉसची (दोनच शुद्ध वंशांच्या थेट संकराची), झाडं जवळपास एकसारखी असतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे राजर्षी आणि फुले महर्षी हे संकरित, तर मांजरी, करवीर, पंचगंगा हे संमिश्र, म्हणजे अनेक वंश मोकळेपणी मिसळून केलेले. संमिश्र वाणात झाडागणिक उंची, फुलोरा, कणीस वेगवेगळं दिसणारच. तो दोष मानू नका, पण त्याची सरासरी काढायला नमुना मोठा घ्या: संकरितात तुकड्यामागे दहा झाडं मोजत असाल तर संमिश्रात वीस. संमिश्राचं बी, शेजारच्या मक्यापासून अंतर राखून, पुढच्या वर्षी घरचं वापरता येतं. संकरिताचं घरचं बी लावलं की पुढच्या पिढीत झाडं उंच-बुटकी होतात आणि उत्पादन घसरतं. त्यामुळे दरवर्षीचा बियाण्याचा खर्च त्या वाणाच्या खात्यावरच मांडायचा.

पिशवी फोडण्यापूर्वी तिच्यावरचा लॉट नंबर, चाचणीची तारीख आणि बीजप्रक्रियेचं औषध वहीत उतरवा. औषधाकडे खास लक्ष द्या. २०१८ मध्ये अमेरिकन लष्करी अळी आपल्याकडे आल्यापासून काही कंपन्यांचं बी अळीविरुद्धच्या कीटकनाशकाने चोळलेलं येतं. असं बी आणि नुसतं बुरशीनाशक लावलेलं बी शेजारी लावलं, की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दिसणारा फरक औषधाचाही असू शकतो. सगळ्यांना एकच प्रक्रिया करता आली तर उत्तम. नाहीतर ही नोंद लिहून ठेवा आणि सुरुवातीच्या पोंग्याच्या (शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांच्या) नुकसानीवरून वाणाला गुण देऊ नका.

पेरणीच्या आठवडाभर आधी प्रत्येकाचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघा. एखाद्याची कमी निघाली तर त्याचं बी जागेगणिक जास्त टाकायचं, म्हणजे शेतात झाडांची संख्या सगळ्यांची सारखी राहील.

आखणी: सगळी गोम इथे आहे

वाणातला फरक आणि जमिनीतला फरक वेगळा काढणं हे या चाचणीचं खरं काम. पाटाकडच्या बाजूला पाणी आणि गाळ जास्त बसतो, शेपटाकडे कमी. बांधावरची बाभूळ किंवा शेजारचा उभा ऊस दुपारनंतर सावली टाकतो. जिथे उकिरडा होता तिथला मका तीन वर्षं तरी वेगळा दिसतो. नवा वाण उकिरड्याच्या जागी आणि जुना बांधाखाली गेला, तर काट्यावर उकिरडा जिंकेल.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक वाण तीन वेगवेगळ्या जागी लावणं. शेताचे तीन पट्टे पाडा. पट्ट्याच्या आतली जमीन होईल तितकी एकसारखी हवी, पट्ट्या-पट्ट्यांत फरक असला तर चालतो. पाणी उत्तरेकडून दक्षिणेकडे जात असेल तर पहिला पट्टा पाटालगत, दुसरा मध्ये, तिसरा शेपटाला. प्रत्येक पट्ट्यात चारही वाण एकेकदा येतील. त्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि प्रत्येक पट्ट्यासाठी चिठ्ठ्या नव्याने टाका. ‘हा जरा बरा दिसतोय, याला मध्ये लावू’ असं मनात येतंच. चिठ्ठी त्याच्यासाठी असते.

तुकड्याचं माप असं ठेवा: चार ओळी, ओळींत ७५ सेंटिमीटर, ओळीची लांबी ६ मीटर. म्हणजे ३ बाय ६, १८ चौरस मीटर. असे बारा तुकडे २१६ चौरस मीटर होतात, सव्वादोन गुंठ्यांच्या आत. वाटा आणि भोवतीच्या दोन-दोन रक्षक ओळी धरून तीन गुंठे लागतील. रक्षक ओळींत कोणताही एकच वाण लावा. त्या मोजायच्या नाहीत, कडेचं ऊन, गुरं आणि पोपट झेलायला आहेत.

मोजणी चारपैकी मधल्या दोनच ओळींची करायची, त्यांचीही दोन्ही टोकांची अर्धा-अर्धा मीटर सोडून. म्हणजे निव्वळ तुकडा दोन ओळी गुणिले ०.७५ गुणिले ५ मीटर, ७.५ चौरस मीटर; २० सेंटिमीटरवर त्यात ५० झाडं. कडेच्या ओळी वगळण्याचं कारण म्हणजे उंच वाण शेजारच्या बुटक्यावर सावली धरतो आणि त्याचं खत-पाणीही ओढतो. लोक सगळ्यात आधी हाच नियम मोडतात, कारण तोडलेली कणसं बाजूला ठेवायला जीव होत नाही. ती खा, विका, गुरांना घाला, फक्त काट्यावर आणू नका.

नकाशा वहीत काढा आणि तुकड्यांवर खुंट्या ठोका. खुंटीवर वाणाचं नाव न घालता नुसता क्रमांक घातला तर मोजणाऱ्याच्या मनात आवडनिवड राहत नाही. खुंट्या निघून जातात, म्हणून नकाशाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

पेरणी आणि देखभाल

खरीप असेल तर पाऊस झाल्यावर वाफसा येताच, १५ जून ते १५ जुलैच्या दरम्यान. रब्बी १५ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर. बाराही तुकडे एकाच दिवशी टोका. पाऊस आला आणि काम अर्ध्यावर सोडावं लागलं तर निदान अख्खा पट्टा पुरा करून थांबा, म्हणजे त्या पट्ट्यातले चारही वाण एकाच दिवसाचे राहतील. पुढे खुरपणी, फवारणी, मोजणी, कापणी सगळ्याला हाच नियम: काम पट्ट्याच्या मध्ये तोडायचं नाही. दोन मजूर असतील तर एकाने एक पट्टा पूर्ण करावा, अर्धा-अर्धा वाटून घेऊ नये.

जागेवर दोन दाणे टोकून उगवणीनंतर दहा-बारा दिवसांनी विरळणी करून एक झाड ठेवा. विरळणीपूर्वी किती जागी उगवलं ते मोजून घ्या, कारण नंतर तो फरक पुसला जातो.

खत सगळ्यांना सारखं, आणि मापूनच. मक्याची शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० स्फुरद, ४० पालाश. १८ चौरस मीटरला नत्र २१६ ग्रॅम येतं. सगळं युरियातून द्यायचं तर सुमारे ४७० ग्रॅम, पेरणीला, महिन्याने आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी अशा तीन हप्त्यांत. तुकड्यागणिक पुड्या आधीच बांधून ठेवल्या की मुठीचा अंदाज चालवावा लागत नाही.

लष्करी अळीसाठी फवारायचंच तर सगळं शेत एकदम फवारा. त्याआधी प्रत्येक तुकड्यात वीस झाडांच्या पोंग्यात डोकावून, ताज्या कुरतडीची किंवा लाकडी भुशासारख्या विष्ठेची झाडं किती, तेवढं लिहा.

उभ्या पिकात काय बघायचं आणि कधी

मोजायची दहा झाडं फुलोऱ्याआधीच ठरवा. निव्वळ ओळीत पाचव्या झाडापासून सलग पाच, दुसऱ्या ओळीतही तसंच. त्यांना सुतळी बांधा. ‘बऱ्यापैकी दिसणारी दहा’ निवडली की चाचणी तिथेच संपली.

*फुलोरा.* निव्वळ तुकड्यातल्या निम्म्या झाडांच्या तुऱ्यातून पराग पडू लागला तो दिवस आणि निम्म्या झाडांच्या कणसांना केस दिसू लागले तो दिवस, या दोन तारखा लिहा. त्यासाठी या काळात रोज सकाळी फेरी मारावी लागते, पण वहीतल्या सगळ्या आकड्यांत मला हा सर्वांत बोलका वाटतो. तुऱ्यानंतर केस एक-दोन दिवसांत आले तर ठीक. पाण्याचा ताण पडला की तुरा वेळेवर येतो आणि केस रेंगाळतात. ज्या वाणात हे अंतर ताणातही कमी राहतं तो कोरडवाहू पट्ट्यात दाणे भरतो. प्रत्येक केसामागे एक दाणा असतो, आणि कणसाच्या टोकाकडचे केस सगळ्यात शेवटी बाहेर येतात. तोवर पराग संपला तर टोक बोडकं राहतं. म्हणजे कणसाचं टोक रिकामं दिसलं की नुसतं वाणाला नावं ठेवू नका, त्या आठवड्यातल्या पाण्याची नोंद आधी बघा.

*उंची.* पराग पडून गेल्यावर झाड आणखी वाढत नाही, तेव्हा मोजा. जमिनीपासून तुऱ्याच्या बुडापर्यंत झाडाची उंची आणि जमिनीपासून वरच्या कणसाच्या पेरापर्यंत कणसाची उंची. कणीस झाडाच्या निम्म्या उंचीच्या बरंच वर असेल तर वजन वर जातं आणि वाऱ्यात झाड लोळतं. नुसती उंची म्हणजे उत्पादन नव्हे. दाण्याच्या मक्यात दोन हात जास्त वाढलेलं ताट बहुतेक वेळा फक्त चारा वाढवतं.

जाता जाता एक. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरकडे दिवेलागणीला उंच मक्यात एकट्याने मोजणीला शिरू नका. बिबट्याला ऊस आणि मका दोन्ही सारखेच. सकाळी दहानंतर, दोघांनी, मोठ्याने बोलत काम करा.

*पानं, मुळं, रोग.* वरची पानं ताठ आहेत की झुकलेली, हे लिहून ठेवा. ताठ पानांच्या वाणात ऊन खालपर्यंत जातं, म्हणून तो पुढे दाट लावून बघता येतो. जमिनीवरच्या पेरांतून निघालेल्या आधार मुळांचे किती थर मातीत गेलेत ते बघा. करपा आणि तांबेरा यांना एक ते पाच गुण द्या आणि सगळ्यांना गुण एकाच दिवशी, एकाच माणसाने द्यावेत.

*लोळणं.* कापणीच्या आधी मोजायचं, दोन रकान्यांत. मुळापासून कललेली झाडं वेगळी आणि कणसाच्या खाली ताट मोडलेली वेगळी. पहिल्यात वारा-पाणी आणि मुळं, दुसऱ्यात बहुतेकदा खोडकूज किंवा खोडकीड. खोडकूज तपासायला खालचं दुसरं-तिसरं पेर अंगठा-तर्जनीत दाबा, आत पोकळ असेल तर दबतं.

*कणसावरचं आवरण.* याकडे कुणी बघत नाही आणि आपल्याकडे परतीचा पाऊस ऑक्टोबरात नेमका कापणीला येतो. टोकापर्यंत घट्ट झाकलेलं कणीस आणि पिकल्यावर खाली लोंबणारं कणीस पाणी आत घेत नाही. टोक उघडं आणि कणीस आकाशाकडे, अशा वाणात पाणी साचून दाणे काळवंडतात, कधी कणसावरच कोंब येतात. पोपटांनाही तेच सोयीचं. प्रत्येक तुकड्यात उघड्या टोकाची कणसं किती, एवढा आकडा पुरतो.

*पक्वता.* आवरण पिवळं पडलं म्हणून मका पिकला असं धरू नका. कणीस मध्ये मोडा, मधले दोन-चार दाणे काढा आणि बुडाशी नखाने खरवडा. काळी चकती दिसली की दाण्यात भर पडणं थांबलेलं असतं. त्या वेळी दाण्यात साधारण तीस ते पस्तीस टक्के पाणी असतं, म्हणून कापणी त्यानंतर काही दिवसांनी. कंपनीने सांगितलेले दिवस खरिपाचे असतील तर रब्बीत ते जुळणार नाहीत. मका दिवस मोजत नाही, ऊब मोजतो: दिवसाच्या कमाल-किमान तापमानाची सरासरी काढून त्यातून १० अंश वजा करायचे, उरेल ती त्या दिवसाची कमाई. पुण्यात जुलैत ती रोज पंधराच्या आसपास पडते, डिसेंबरात दहा-अकरा. रब्बीत तोच वाण दोन-तीन आठवडे जास्त घेतो तो यामुळे.

कापणी आणि काटा

निव्वळ तुकड्यातली उभी झाडं मोजा, मग सगळी कणसं तोडा. लोळलेल्या झाडांचीही, किडकी, अर्धवट, सगळी. तुकड्यागणिक वेगळी गोणी आणि आत-बाहेर दोन चिठ्ठ्या, कारण बाहेरची गळून पडते. आवरण सोलून कणसांचं एकूण वजन घ्या.

झाडं कमी निघाली तर कारण बघा. रानडुकरांनी पाडली, नांगराचा बैल शिरला, पाइप फुटला, हा अपघात; पन्नासपैकी दहाहून जास्त झाडं अशी गेली तर तो तुकडा हिशोबातून काढा. मात्र बी उगवलंच नाही किंवा झाड खोडकुजीने वाळलं, तर ती वाणाचीच कमाई आहे, ती भरपाई देऊन झाकायची नाही. ‘झाडं कमी होती म्हणून प्रति झाड वजन गुणून घेऊ’ हा हिशोबही फसवा असतो, कारण रिकाम्या जागेशेजारच्या झाडाला जास्त ऊन मिळून त्याचं कणीस मोठं झालेलं असतं.

आता सुतळी बांधलेल्या दहा झाडांच्या कणसांची लांबी, मधला घेर, ओळी आणि एका ओळीतले दाणे मोजा. ओळी सम संख्येतच येतात, बारा, चौदा, सोळा; तेरा आल्या तर पुन्हा मोजा. टोकाचा रिकामा भाग सेंटिमीटरमध्ये वेगळा लिहा.

मग ती दहा कणसं तोलून दाणे काढा आणि दाणे तोला. दाण्याचं वजन भागिले कणसाचं वजन, म्हणजे दाण्याचा उतारा. साधारण ऐंशी टक्क्यांच्या आसपास येतो. जाड दांड्याचं कणीस हातात भारदस्त लागतं आणि इथे उघडं पडतं. दाण्याचं वजन काढायला घरचा काटा एक ग्रॅमचा असेल तर शंभर दाणे न तोलता पाचशे तोला आणि पाचने भागा.

ओलाव्यासाठी बाजार समितीतल्या व्यापाऱ्याकडे किंवा शेतकरी कंपनीच्या गोदामात मीटर असतो. प्रत्येक तुकड्याचा पाव किलो नमुना हवाबंद पिशवीत घालून त्याच दिवशी न्या. मीटर मिळालाच नाही तर एक सोपी वाट आहे. सगळ्या तुकड्यांचे पूर्ण दाणे काढून, वेगवेगळ्या ढिगांत पण एकाच ताडपत्रीवर, वजन उतरणं थांबेपर्यंत वाळवा. मग सगळ्यांचा ओलावा जवळपास एक होतो आणि वजनांची थेट तुलना चालते.

हिशोब

दोन वाण घेऊ, आकडे समजुतीसाठी आहेत. निव्वळ तुकड्यातून ‘अ’ची ८.४ किलो कणसं निघाली, ‘ब’ची ८ किलो. बांधावर उभं राहून बघणारा ‘अ’ला कौल देईल.

‘अ’चा उतारा ८० टक्के, म्हणजे दाणा ६.७२ किलो. ओलावा २४ टक्के. तो १४ टक्क्यांवर आणायचा, कारण मक्याची खरेदी त्या ओलाव्यावर धरतात. सूत्र: दाण्याचं वजन गुणिले (१०० वजा आताचा ओलावा) भागिले ८६. म्हणजे ६.७२ गुणिले ७६ भागिले ८६, उत्तर ५.९४ किलो.

‘ब’चा उतारा ८३ टक्के, दाणा ६.६४ किलो, ओलावा १७ टक्के. ६.६४ गुणिले ८३ भागिले ८६, उत्तर ६.४१ किलो.

एकरात ४,०४७ चौरस मीटर; ७.५ने भागलं तर ५४०. म्हणजे ‘अ’ एकरी सुमारे ३२ क्विंटल, ‘ब’ साडेचौतीस. कणसांच्या ढिगात मागे असलेला ‘ब’ दाण्यात अडीच क्विंटलने पुढे. मात्र या एकरी आकड्यांवर बँकेचं कर्ज काढू नका. छोट्या, निगुतीने जपलेल्या तुकड्याइतकं उत्पादन मोठ्या शेतात मिळत नाही. हे आकडे वाणांची क्रमवारी लावायला आहेत.

फरक खरा की योगायोग

तीनही पट्ट्यांतले आकडे शेजारी लिहा. समजा ‘अ’ला ५.६, ५.९, ६.३ किलो मिळाले आणि ‘ब’ला त्याच क्रमाने ६.१, ६.४, ६.७. ‘अ’चा सर्वांत चांगला तुकडा ‘ब’च्या सर्वांत वाईट तुकड्यापेक्षा सरस आहे, म्हणून गोंधळ वाटेल. पण पट्ट्यागणिक फरक काढा: ०.५, ०.५, ०.४. जमीन कुठलीही असो, ‘ब’ दरवेळी तेवढाच पुढे. पट्टे पाडण्याचा खटाटोप या एका ओळीसाठी होता.

आता तिसरा ‘क’: ७.०, ५.२, ६.१. सरासरी ६.१, ‘अ’पेक्षा जास्त. पण पाटाजवळ पहिला आणि मधल्या पट्ट्यात सगळ्यांच्या मागे. असा वाण मी एका हंगामाच्या भरवशावर घेणार नाही. मधल्या पट्ट्यात काय झालं ते वहीत शोधा: केस उशिरा आले का, झाडं लोळली का, पोंगे खाल्ले का. लक्षणांची एवढी मोजणी अशा वेळी कामाला येते. वजन कोण जिंकला ते सांगतं, कसा जिंकला किंवा हरला ते लक्षणं सांगतात.

तीनपैकी तीनदा पुढे असणंही पक्का पुरावा नाही. दोन वाण तंतोतंत सारखे असते तरी ‘ब’ तीनही पट्ट्यांत पुढे येण्याची शक्यता आठात एक आहे. म्हणून फरक लहान असेल तर दुसरा हंगाम हवाच.

मुरघास आणि स्वीट कॉर्न

बारामती, इंदापूर, दौंडकडच्या गोठ्यांसाठी मका लावणाऱ्यांनी हिरव्या वजनावर अजिबात जाऊ नये. आफ्रिकन टॉलसारखा चाऱ्याचा वाण उंचीने आणि टनाने डोळे दिपवतो. समजा एका वाणाचा एकरी २४ टन हिरवा चारा निघाला, सुका अंश २२ टक्के. दुसऱ्याचा १९ टन, सुका अंश ३३ टक्के. सुका चारा पहिल्याचा ५.३ टन, दुसऱ्याचा ६.३. शिवाय पहिल्यासोबत सहा टन पाणी जास्त वाहून आणलं, तेही भाडं देऊन, आणि ओला मुरघास रस सोडून आंबतो तो वेगळाच. सुका अंश काढायला कुट्टी करून अर्धा किलो नमुना पातळ पसरून पूर्ण वाळवा आणि पुन्हा तोला. कापणी दाण्यातली दुधाची रेघ (घट्ट झालेला वरचा भाग आणि खालचा दुधाळ भाग यांमधली सीमा) निम्म्यावर ते दोन तृतीयांश उतरल्यावर, प्रत्येक वाणाची त्याच्या-त्याच्या वेळी.

स्वीट कॉर्न दाण्याच्या मक्याजवळ लावला आणि दोघांचा फुलोरा एकत्र आला, तर साध्या मक्याचा पराग पडलेला दाणा त्याच कणसात पिठूळ होतो. पुढच्या पिढीची वाटही बघावी लागत नाही. दोन-अडीचशे मीटर अंतर नाहीतर पेरणीत तीन आठवड्यांचा फरक ठेवा. तोडणी केस आल्यानंतर साधारण अठरा ते बावीस दिवसांनी, नखाने दाबल्यावर दुधाळ रस येतो तेव्हा. मोजायचं काय तर विकण्याजोगी कणसं, सोललेलं आणि न सोललेलं वजन, आणि गोडी. गोडी तोडल्याच्या दिवशी एकदा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखा, कारण गुलटेकडीच्या गाळ्यावरून सिंहगडाच्या पायथ्याच्या शेगडीपर्यंत जायला कणसाला तेवढा वेळ लागतोच.

पैशात मांडा, मग पिशवी घ्या

२०२५-२६ च्या खरिपासाठी मक्याचा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये होता. ‘ब’चे जास्तीचे अडीच क्विंटल म्हणजे एकरी सहा हजार. त्यातून दोन वाणांच्या बियाण्याच्या किमतीतला फरक वजा करा. ‘अ’ला वाळवणीची मजुरी किंवा ओलाव्याची कपात किती बसली असती ती ‘ब’च्या बाजूने धरा. वाण आठवडाभर आधी निघून कांद्याला किंवा हरभऱ्याला शेत मोकळं करत असेल तर त्याचीही किंमत लावा. गुरं असतील तर वाळलेली ताटं आणि पालाही तोला. हिरवेपणा टिकवून पिकणाऱ्या वाणाचा चारा गुरं आवडीने खातात. हे सगळं करून फरक हजार-पाचशेवर आला, तर सहज मिळणारा आणि न लोळणारा वाण घ्या.

पुढच्या हंगामात सगळं शेत नव्या वाणाखाली नेऊ नका. चारांतला सगळ्यात मागचा वाण काढून त्या जागी एक नवा घ्या, चेक आणि यंदाचा पहिला तसेच ठेवा, पट्टे दुसऱ्या जागी पाडा, आणि मोठ्या शेताचा चौथा हिस्सा यंदाच्या पहिल्याला द्या. बी घेताना वेगळा लॉट मिळाला तर तो नंबरही वहीत गेला पाहिजे.